काटा पडला

परवा सकाळी साडेआठला फोन आला. "दादा, एसीतला गॅस संपलाय. भरायचे किती घ्याल?"

"गॅस संपला हे कशावरून?"

"गारच करत नाहीये ना."

पोटात दुखतंय म्हणून डॉक्टरला फोन करून 'अपेंडिक्स काढायचे किती घ्याल' असं कोणी विचारत नाही. एसीचं निदान मात्र मुंबईत घरोघरी आधीच झालेलं असतं. मशीन गार करत नाही म्हणजे गॅस. हे लोकांना शिकवलं कोणी? आम्हीच. पंचवीस-तीस वर्षं रोज थोडं थोडं शिकवलंय.

गेलो. मुलुंड पूर्व, गव्हाणपाडा, चौथा मजला, लिफ्ट बंद. शेजारच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट चालू असल्यामुळे इनडोअरच्या जाळीवर सिमेंटच्या धुळीचा इतका थर की खाली जाळी आहे हेच दिसेना. मोरीत नेऊन धुतली. लावली, अँपिअर बघितले, बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान बघितलं, आउटडोअरवर एक नजर टाकली. वीस मिनिटांत खोली गार.

"चारशे रुपये," मी म्हटलं.

वहिनी काही बोलल्या नाहीत. साहेब म्हणाले, "जाळी तर धुतलीत फक्त. तिचे चारशे?"

त्यांचं पाकीट मी यायच्या आधीपासून टीपॉयवर काढून ठेवलेलं होतं. गॅसचे तीन हजार द्यायची मनाची तयारी झालेली होती. मी 'गॅस' म्हटलं असतं तर त्यांनी ते मुकाट्याने मोजून दिले असते, वर 'लगेच आलात, बरं झालं' असंही म्हणाले असते. खरं सांगितलं म्हणून चारशेवर घासाघीस. आमच्या धंद्यात खोट्याला पैसे मिळतात आणि खऱ्याला चहा. (चहा चांगला होता, आलं घातलेला.)

आता गॅसचं एकदा सांगून टाकतो. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, झिजत नाही, शिळा होत नाही. बंद नळीत तो गोल फिरत असतो. आतली उष्णता उचलायची, बाहेर नेऊन टाकायची, परत आत यायचं. नळीला कुठे भोक नसेल तर दहा वर्षांनीही तो तेवढाच असतो. घरातल्या फ्रिजमध्ये तुम्ही दरवर्षी गॅस भरता का? फ्रिज आणि एसी एकाच जातीचे. गॅस कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळतंय, आणि गळतं कुठे हे न शोधता वरून भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. तरी 'दर उन्हाळ्याला थोडा टॉप-अप करून घ्या' असं सांगणारे आहेत आणि करून घेणारेही आहेत.

मला हे सगळं पहिल्यापासून माहीत होतं. तरीही मी काय करत होतो ते लिहायलाच बसलोय.

मुलुंडच्या आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा कोर्स करून २००० साली मी एका दुकानात लागलो. कुठलं ते सांगत नाही, शेठ आता हयात नाहीत आणि त्यांनी मला जेवूखाऊ घातलंय. पगार अडीच हजार. शिवाय प्रत्येक गॅस चार्जिंगमागे शंभर रुपये वर. सर्व्हिस केली तर वर काही नाही. नुसतं तपासून 'काही झालेलं नाही' म्हणून आलो तर काही नाहीच, उलट शेठ विचारणार, "मग गेला होतास कशाला?" बावीस वर्षांच्या पोराला खोटं बोल असं सांगावं लागत नाही. पगार असा ठरवला की पुरे.

पहिल्याच आठवड्यात शेठने काटा शिकवला. तेव्हा बहुतेक मशिनं आर-२२ गॅसवर चालायची. मशीन बंद असताना गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजायचं मीटर, लावलं की मुंबईच्या उन्हाळ्यात काटा दीडशे पाउंडांच्या वर उभा राहतो. मशीन चालू केलं की कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस फिरवणारा पंप, गॅस ओढायला लागतो, त्या ओढीच्या (सक्शनच्या) बाजूचा दाब उतरतो आणि काटा साठ-सत्तरवर येऊन थांबतो. थांबायलाच हवा, ठणठणीत मशीनची ती खूण आहे. पण पार्टीला हे कुठून माहीत असणार? तर आधी बंद मशीनवर गेज लावून दाखवायचं. "साहेब, काटा कुठे आहे बघून ठेवा." मग आतून रिमोट दाबायला सांगायचं. कॉम्प्रेसर लागला की काटा सर्रकन खाली. त्यानंतर गप्प राहायचं. शेठची सक्त ताकीद होती, काटा पडल्यावर तू बोलायचं नाहीस, त्यांना बोलू दे. आणि पार्टी स्वतःच म्हणायची, "अरे बापरे, संपलाच की!"

मी पहिल्यांदा काटा पाडला तो एका निवृत्त जोडप्याच्या घरी. दोघंही शिक्षक, भर मे महिना. मशीनचा कॅपॅसिटर, कॉम्प्रेसरला सुरू व्हायला विजेचा धक्का देणारा पार्ट, गेलेला होता. कॅपॅसिटर गेला की बाहेरचा पंखा फिरतो, आतून वारा येतो, पण कॉम्प्रेसर नुसता हुं हुं करून बंद पडतो आणि हवा साधी येते. घरच्या माणसाला वाटतं गॅस गेला. तेव्हा तो डबीएवढा पार्ट शे-दीडशेला मिळायचा. मी तो गुपचूप बदलला, काटा पाडला, सिलिंडर जोडून फुस्स असा आवाज काढला आणि पंधराशेचं बिल केलं. बाईंनी कोकम सरबत दिलं. सरांनी एका वहीत तारीख लिहिली, रक्कम लिहिली, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत माझं नाव विचारलं आणि तेही लिहिलं.

रात्री मला ती वही आठवली. वाईट वाटलं असं म्हणणार नाही. भीती वाटली, की आपलं नाव लिहिलेलं आहे. वाईट वाटायला पुढे पाच-सहा वर्षं लागली. एकूण किती वेळा काटा पाडला? पगाराच्या पाकिटांवरून मोजता आलं असतं, पण ती पाकिटं मी जपून ठेवली नाहीत.

मग मावशीचा फोन आला. डोंबिवलीची मावशी, आईच्या पाठची. मी तेव्हा गावी राजापूरला गेलो होतो, गणपतीत. तिच्या नव्या एसीने गार करणं थांबवलं आणि मी नाही म्हणून तिने नाक्यावरच्या कोणाला तरी बोलावलं. मी परत आल्यावर सांगायला लागली, "बत्तीसशे घेतले, पण मुलगा सज्जन हो. उगाच काही सांगितलं नाही. म्हणाला, मावशी, माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुम्ही स्वतः बघा. काटा दाखवला मला त्याने. माझ्या डोळ्यांदेखत पडला."

मी तिचं मशीन उघडलं. कॅपॅसिटर नवाकोरा चकचकीत होता.

ग्राहकाचा विश्वास कमवा, असं सगळेच सांगतात. शेठवर तर लोकांचा इतका विश्वास होता की दिवाळीत दुकानात फराळाचे डबे यायचे, माझ्याही वाट्याला चकल्या यायच्या. ज्याच्यावर विश्वास नाही त्याला कोणी दारातच घेत नाही, तो फसवणार कसा? मावशीने माझ्या डोळ्यांदेखत, माझी करावी तशी त्या पोराची स्तुती केली. तेव्हापासून कोणी मला 'तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे' असं म्हणालं की मला आनंद होत नाही, जरा अवघडायलाच होतं.

२००७ मध्ये मी भांडुपला टँक रोडजवळ छोटा गाळा भाड्याने घेऊन स्वतःचं सुरू केलं. पहिलं काम केलं ते तपासणीचा दर वाढवण्याचं. तेव्हा सगळे शंभर घ्यायचे, मी अडीचशे ठेवला. बायको म्हणाली, कोणी बोलावणार नाही. पहिला सीझन खरंच कोणी बोलावलं नाही. पण माझा हिशेब साधा होता. तपासणीत माझं पेट्रोल, माझा तास आणि हेल्परची मजुरी निघत नसेल तर मी तिसऱ्या घरी काहीतरी शोधणारच. मी कितीही देवभोळा असलो तरी. शंभर रुपयांत तपासणारा माणूस उरलेले पैसे कुठून तरी काढणार. हे आजही आहे. 'फ्री इन्स्पेक्शन'चा कागद लिफ्टमध्ये चिकटवलेला दिसला की मला त्या घरांची काळजी वाटते.

वजनकाटा मात्र मी स्वतःच्या अकलेने घेतला नाही. २००९ ची गोष्ट. मुलुंडलाच एक काकू होत्या, त्यांच्याकडे महिन्याचं वाणसामान मुंबई ग्राहक पंचायतीच्या वितरणातून यायचं. ही ग्राहकांची संस्था १९७५ पासूनची. त्यांच्या जिन्यात आठ-दहा बायका बसून तूरडाळ, साखर, साबण मोजून वाटून घ्यायच्या, कागदावर टिका मारत. मी त्यांच्या मशीनचं लीकेज काढलं, ब्रेझिंग करून, म्हणजे धातू वितळवून, भोक बुजवलं, गॅस भरला. हात पुसत बिल सांगितलं तर काकू म्हणाल्या, "किती ग्रॅम भरलात?"

मी म्हटलं, "काकू, तसं नसतं. प्रेशरवर भरतो आम्ही."

"का बरं? बाहेरच्या डब्यावर तर लिहिलंय."

लिहिलेलं होतं. आउटडोअरच्या पाटीवर गॅसचा प्रकार आणि वजन कंपनीने छापलेलं असतं. आर-२२, १.१ किलो. आयटीआयमध्ये मी ते शिकलो होतो आणि नऊ वर्षं त्या पाटीकडे बघितलं नव्हतं. काकूंनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "आम्ही पाव किलो जिरंसुद्धा तोलून घेतो हो."

पुढच्या आठवड्यात नागदेवीच्या बाजारात जाऊन डिजिटल वजनकाटा आणला. तेव्हापासून सिलिंडर काट्यावर ठेवूनच भरतो. आधी व्हॅक्यूम पंपाने नळीतली हवा आणि ओल काढायची, मग काटा शून्यावर आणून गॅस सोडायचा. आकडा उतरत जातो आणि पाटीवरच्या वजनाला आला की व्हॉल्व्ह बंद. गेजचा काटा वाचायला आयटीआय लागते, वजनाचा काटा भाजी घेणाऱ्या कोणालाही वाचता येतो. हल्लीच्या आर-३२ वाल्या इन्व्हर्टर मशिनांना तर नुसत्या प्रेशरवर भरूच नये, कॉम्प्रेसर वेग बदलतो तसा दाब हलतो. पण खरं कारण मी सांगितलं तेच, काकूंचं जिरं.

व्हॅक्यूमचं मात्र अजून कोणी विचारत नाही. पंप अर्धा तास चालवावा लागतो, तेवढ्यात दुसरा कॉल होतो, म्हणून बरेच जण थोडा गॅसच सोडून हवा ढकलून देतात. ओल आत राहते आणि कॉम्प्रेसर दोन-तीन वर्षांनी मरतो, तोवर कोणाला कोण आठवतंय!

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, हा सुधारला. थांबा.

२०१७ चा मे. मिठागर रोडला एक आयटीवाला मुलगा, मशीन तीन वर्षांचं, गॅस खरोखरच गेलेला. आउटडोअरच्या फ्लेअर नटपाशी, म्हणजे नळीच्या जोडापाशी, तेलाचा डाग दिसला. गॅसबरोबर थोडं तेल फिरतं, गळतं तिथे तेलकट होतं, म्हणजे पुरावाच. मी खूश. नवा फ्लेअर केला, व्हॅक्यूम मारला, तोलून गॅस भरला, अठ्ठावीसशे घेतले. एकोणिसाव्या दिवशी त्याचा फोन. आवाज चढलेला नव्हता. "काका, तुम्हीपण?"

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जाऊन गळती शोधायला नळीत नायट्रोजन भरला, तीनशे पाउंड दाबाने, रात्रभर ठेवला. सकाळी काटा खाली. (हा काटा खरा.) इनडोअरची कॉइल (तांब्याच्या नळीची वेटोळी) उतरवून पाण्यात बुडवली तर एका वळणावरून सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, एकामागून एक. तांबं काळं पडलेलं होतं. खाडीच्या अंगाची खारी हवा, नाल्यातून आणि कचऱ्यातून उठणारा वायू तांब्याला खातो. मुलुंडचं डंपिंग ग्राउंड तेव्हा चालू होतं, ते २०१८ ला बंद झालं. त्या पट्ट्यातल्या कितीतरी कॉइली मी अशा काळ्या बघितल्यात. मग पहिल्याच दिवशी मला हे माहीत नव्हतं? होतं. पण त्या दिवशी अकरा कॉल थांबलेले होते. नायट्रोजन लावायचा म्हणजे रात्रभर मशीन अडकणार. तेलाचा डाग दिसला आणि मला जे हवं होतं ते मिळालं.

अठ्ठावीसशे परत दिले. रात्री बायको म्हणाली, "अहो, तुमची चूक झाली, चोरी नाही. गॅस तर खरा भरला होतात. पैसे कशाला परत?" तिचं बरोबर होतं. पण त्या मुलाच्या सोफ्यावर बसून बघितलं तर शेठचं काम आणि माझं काम दिसायला सारखंच होतं: एक माणूस आला, काटे दाखवले, पैसे घेऊन गेला, मशीन गार होत नाही. त्याने कशावरून ओळखायचं? त्याने नवी कॉइल कंपनीकडूनच बसवून घेतली. पुढे मला कधी फोन केला नाही. ती इमारत माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे.

पार्टच्या दुकानात दुसरीच तऱ्हा. पीसीबी (मशीनचं इलेक्ट्रॉनिक सर्किट) घ्यायला हेल्परला पाठवलं तर काउंटरवरचा माणूस पार्टच्या आधी विचारतो, "बिल कितने का बनाऊँ?" चार हजारांचा माल, सहा हजारांचं बिल, मधले दोन तुमचे. तो हे इतक्या सहज विचारतो की 'पिशवी देऊ का' असं वाटावं. माझा एक हेल्पर वर्षभर असं करत होता. हुशार मुलगा, हात सोन्याचा. एका बाईंनी तोच पार्ट ऑनलाइन बघून मला आकडा पाठवला तेव्हा कळलं. त्याला काढलं, आणि तीन महिन्यांनी परत घेतलं. कारण सीझन होता आणि त्याच्यासारखं ब्रेझिंग भांडुपमध्ये कोणी करत नाही. माझ्या तत्त्वांचं वजन किती ग्रॅम ते तुम्हीच ठरवा. आता पार्टीलाच दुकानाचा नंबर देतो, पैसे त्यांनी थेट द्यावेत. आणि काढलेला जुना पार्ट पेपरात गुंडाळून टेबलावर ठेवून येतो. निम्मे लोक म्हणतात, "हा कचरा कशाला?"

माझा भाचा एका ॲपसाठी काम करतो. तिथे दर छापलेले असतात, ही चांगली गोष्ट. पण कमिशन कापून, पेट्रोल जाऊन हातात काय उरतं हे त्याने मला एका रविवारी वहीवर मांडून दाखवलं. मी ते आकडे बघितले आणि मला शेठचे शंभर रुपये आठवले. त्याला काही बोललो नाही. वर तारे पाचच हवेत, चार आले तर काम कमी. तो सांगत होता, "मामा, ज्यांना मी खरं सांगतो की काही झालेलं नाही, तेच चार देतात. मोठं बिल झालं की पाच. पैसे गेले म्हणजे काम झालं असं वाटतं लोकांना."

त्या शिक्षकांची इमारत गेली. तिथे बावीस मजली टॉवर उभा आहे, खाली बँक आहे. मध्ये एकदा बँकेत काम होतं तेव्हा वॉचमनला जुन्या रहिवाशांबद्दल विचारलं. त्याला माहीत असायचं कारण नव्हतं, तो मागच्या वर्षी बलियाहून आलेला. मी पंधराशे रुपये खिशात घेऊन गेलो होतो असं काही नाही. विचारलं इतकंच.

मावशी आता ऐंशीच्या घरात आहे. त्या बत्तीसशेचं खरं मी तिला कधी सांगितलं नाही. का नाही, ते मला नीट सांगता येणार नाही. काटा मलाही पाडता येतो हे तिला कळलं असतं म्हणून असेल. तिच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या मागच्या पानावर दरवर्षी ती नव्याने फोन नंबर उतरवून काढते. गॅसवाला, दूधवाला, रिक्षावाला, डॉक्टर. गेल्या जानेवारीत मी तिथे बसलो होतो तेव्हा बघितलं, त्या पोराचा नंबर अजून आहे. माझ्या वर.

"मावशी, हा अजून येतो?"

"बोलावलं की येतो. गुणी आहे." ती कांदा चिरत होती. "तुला बोलावलं तर तू नुसतं सगळं उघडून बसतोस, धूळ पाडतोस आणि काही झालं नाही म्हणतोस. मेल्या, एकदा तरी काटा दाखवलास का मला?"

मी खाली जाऊन स्कूटरच्या डिकीतून गेज आणलं.